आपल्याच माणसांतलं परकेपण

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



माझ्या विषयाचं नाव फळ्यावर 'फाळणीचे निर्वासित आणि स्त्रिया' असं लिहिलेलं पाहून चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, "फाळणी होऊन पंचाहत्तरच्या वर वर्षं झाली. आता कुठले निर्वासित?" प्रश्न रास्त आहे. जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या बाजारपेठेत आपण ज्यांच्याकडून साडी घेतो, त्यांना आज कोणी निर्वासित म्हणणार नाही. त्यांची नातवंडं आपल्या मुलांबरोबर इंजिनिअरिंगला आहेत. दुकानात शिरलं की ते आपल्याशी चक्क अहिराणीत घासाघीस करतात. तेव्हा हा प्रश्न संपलाय, असं वाटणं साहजिक आहे.

पण जळगावच्या सिंधी कॉलनीत आणि धुळ्याच्या कुमारनगरात फिरताना दोन तऱ्हेची घरं दिसतात. एक घर १९४८ सालापासून इथं आहे. दुसरं घर बहुधा त्याच गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत असतं. ते आलंय १९९५ ला, २००८ ला, २०१७ ला. बोली तीच, झुलेलालची पूजा तीच, आडनावंही पुष्कळदा तीच. कुठं मामा-भाच्याचं नातं, कुठं साडू-साडूचं. तरी पहिलं घर दुसऱ्याला घराबाहेर 'आमचे नातेवाईक' म्हणतं आणि घरात 'ते पाकिस्तानी' म्हणतं. मला आज बोलायचंय ते मुख्यतः या दुसऱ्या घरातल्या बायकांविषयी. पण पहिल्या घराची गोष्ट सांगितल्याशिवाय दुसऱ्याची कळत नाही.

आपल्या शाळेतल्या इतिहासात फाळणी म्हणजे पंजाब आणि बंगाल. सिंधचं तसं नाही. सिंध प्रांताचे दोन तुकडे झालेच नाहीत, तो अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे तिथल्या हिंदूंना भारतात 'आपला' म्हणावा असा मुलूखच उरला नाही. गंमत अशी की १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध आणि आपला खानदेश एकाच मुंबई इलाख्यात होते. जळगावचा आणि सिंधमधल्या हैदराबादचा कारभार एकाच राजधानीतून चाले. अकरा-बारा वर्षांनी तेच लोक परदेशातून आलेले ठरले. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबलेल्यांनीही निघायचं ठरवलं. दहा लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. कोणी आगबोटीनं मुंबईला आलं, कोणी मारवाडातून रेल्वेनं. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत जी छावणी पडली, तिचं ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. पिंपरी, देवळाली, कोल्हापूरजवळचं गांधीनगर, नागपूरचं जरीपटका या वसाहती अशाच वसल्या. आपल्याकडे जळगाव, धुळे, भुसावळ आणि इतर बाजारपेठांच्या गावांत त्यांनी बस्तान बसवलं. गावानं त्यांना 'निर्वासित' म्हटलं, सरकारनं 'शरणार्थी'. त्यांना दोन्ही शब्द झोंबत. आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत, असं ते म्हणत.

आता हा 'पुरुषार्थी' शब्द आपण बायकांनी जरा थांबून ऐकावा. सिंधी समाजाच्या स्मरणिकांतून एकच गोष्ट येते: आमचे वडील रिकाम्या हातानं आले, फेरी केली, गाडी लावली, टपरी टाकली, दुकान उभं केलं. खोटं नाही ते. पण त्याच घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोललं की दुसरा हिशेब ऐकू येतो. फेरीसाठी कापडाचं पहिलं गाठोडं घेतलं ते कशावर? आईच्या बांगड्यांवर. दोन वर्षं घर चाललं कशावर? पापडांवर. मला तीन वेगवेगळ्या घरांत तीन आज्यांनी सांगितलं, की ज्या बायकांनी तिकडे घराचा उंबरा एकटीनं ओलांडला नव्हता, त्या इथं पहाटे चारला उठून डाळीचं पीठ कुटत आणि दुपारी डोक्यावर डबा घेऊन मराठी वस्तीत पापड विकायला जात. मराठी येत नव्हतं. बोटांनी आणे दाखवायच्या. एकीनं सांगितलं, "मी पहिला मराठी शब्द शिकले तो 'महाग'." दुकान उभं राहिलं, तसा पापडाचा पाट माळ्यावर गेला आणि बाई परत घरात गेली. दुकानाच्या पाटीवर आलं '...मल अँड सन्स'.

सरकारचीही नजर पुरुषावरच होती. पुनर्वसन खात्यात स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता, रामेश्वरी नेहरू त्याचं काम पाहत. पण त्या विभागाच्या कागदांत बाईची जी वर्गवारी होती, ती 'अनअटॅच्ड', म्हणजे कुणा पुरुषाला न जोडलेली. नवरा किंवा मुलगा असला की बाई कुटुंबात मोजली जाणार, नसला की आश्रमात. पळवून नेलेल्या स्त्रिया परत आणण्याचा १९४९ चा कायदा तुम्हाला माहीत असेल. परत यायचं की नाही, हे त्या बाईला विचारायची त्यात सोय नव्हती. रितू मेनन आणि कमला भसीन यांचं आणि उर्वशी बुटालियांचं पुस्तक १९९८ मध्ये आलं, तेव्हा हे सगळं आपल्या चळवळीत बोललं जाऊ लागलं. त्या पुस्तकांतला मोठा भाग पंजाबचा आहे. आपल्या गल्लीतल्या सिंधी बाईला मात्र कुणी विचारायला गेलं नाही. 'व्यापाऱ्यांची वस्ती' म्हणून संघटना तिकडे फिरकल्याच नाहीत. मोर्च्यासाठी वर्गणी मागायला जायचं तेवढं ठिकाण.

जाता जाता एक गोष्ट. हुंड्याला सिंधीत 'देती-लेती' म्हणतात आणि ही चाल तिथं इतकी जाचक होती, की १९३९ मध्ये सिंध प्रांतानं त्याविरुद्ध कायदा केला. अख्ख्या देशाचा हुंडाबंदी कायदा आला १९६१ मध्ये. म्हणजे बावीस वर्षं आधी कायदा करणारा हा समाज. कायदा तिकडे राहिला, चाल आगबोटीत बसून इकडे आली.

आता दुसऱ्या घराकडे येते.

सिंधमध्ये सगळेच हिंदू काही निघाले नाहीत. लाखो राहिले आणि आजही राहतात. त्यांतले काही गेल्या चाळीसेक वर्षांत थोडे थोडे करून इकडे येत राहिले. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत मशीद पाडली गेली, तेव्हा पाकिस्तानात देवळांवर हल्ले झाले. इथल्या वेडेपणाची किंमत तिथल्या अल्पसंख्याकांनी मोजली, आणि तिथल्या वेडेपणाची इथल्या. उत्तर सिंधमध्ये खंडणीसाठी व्यापाऱ्यांना पळवून नेणं, अल्पवयीन मुलींना पळवून धर्मांतर आणि निकाह लावणं, याविरुद्ध पाकिस्तानातल्याच स्त्रिया आणि मानवी हक्कवाले लढत आले आहेत. अस्मा जहांगीर यांनी ज्या मानवी हक्क आयोगाच्या उभारणीत पुढाकार घेतला, तो आयोग वर्षानुवर्षं यावर बोलतो आहे. हे मुद्दाम सांगते, कारण 'तिकडचे सगळे तसलेच' हे वाक्य इथं फार स्वस्तात मिळतं.

येणाऱ्यांत पुष्कळ जण तीर्थयात्रेच्या किंवा नातेवाइकांच्या भेटीच्या व्हिसावर येतात आणि परत जात नाहीत. जळगावात येण्याचं कारण साधं आहे, इथं त्यांची माणसं आहेत. संत कंवरराम यांच्या नावानं इथं दरवर्षी वर्सी भरते. कंवररामांना १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनवर गोळी घातली गेली. हे नाव दोन्हीकडच्या सिंध्यांना घरच्यासारखं. त्या ओळखीवर माणूस येतो.

आल्यावर काय होतं? भारतानं निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ही माणसं 'परदेशी नागरिक'. त्यांना मिळतो दीर्घ मुदतीचा व्हिसा, वस्तीतला शब्द 'एल्टीव्ही'. तो मिळवायला जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात नोंदणी करायची, मुदत संपली की पुन्हा अर्ज करायचा, आणि त्यासाठी इथला कुणी भारतीय माणूस हमीदार म्हणून उभा राहायला हवा. जुलै २०१६ मध्ये केंद्र सरकारनं काही सवलती दिल्या: बँकेत खातं, पॅन आणि आधार कार्ड, वाहन परवाना, स्वतःला राहण्यापुरतं घर घेण्याची परवानगी. त्याआधी हेही नव्हतं. भाड्याच्या खोलीची पावतीसुद्धा दुसऱ्याच्या नावावर.

'हमीदार' हा शब्द लक्षात ठेवा. सगळी गोम तिथं आहे.

हमीदार म्हणजे बहुतेक वेळा मामा, काका, आत्याचे यजमान. तेच खोली देतात, तेच दुकानात कामाला ठेवतात. चांगली माणसं असतात, मी वाईट म्हणत नाही. परक्या शहरात कोण कुणाला दारात उभं करतं? पण मामाच्या दुकानात भाचा सकाळी दहा ते रात्री दहा उभा राहतो, तेव्हा पगार ठरत नाही, 'घरचाच आहे' म्हणतात. आणि भाच्याची बायको मामीच्या स्वयंपाकघरात जाते. पहाटेची कोकी, दुपारची साई भाजी, लग्नकार्यात दोनशे माणसांची उस्तवार, मामीच्या सुनेचं बाळंतपण. एकीला मी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" ती म्हणाली, "मी काही करत नाही, घरीच असते." मग तिनं दिवस सांगितला. चौदा तास भरले. ज्या घरात ती हे करते ते तिचं घर नाही आणि जिथं तिला मोबदला मिळायला हवा तिथं तो मागायची सोय नाही, कारण ते 'आपले' आहेत. परक्याकडे धुणंभांडी केली असती तर महिन्याला पैसे तरी हातात पडले असते, हे तिला कळतं. पण तसं केलं तर मामाची अब्रू जाते.

समाजकार्याच्या पदवीच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, की भाषा, धर्म, चालीरीती सारख्या असल्या की निर्वासित लवकर मिसळतात. भाकरीचा तुकडा आणि डोक्यावर छप्पर लवकर मिळतं हे खरं आहे. पण ज्या उपकाराला नात्याचं नाव असतं, त्याची परतफेड कधी पुरी झाली हे कुणी सांगत नाही. आणि ती फेडायला घरातली बाई आणि वयात आलेली मुलगी पुढं केली जाते.

मुलींचं सांगते. नव्यानं आलेल्या घरातली मुलगी सतरा-अठराची झाली की जुन्या घरांतून विचारणा येते. मुलगा तिशी ओलांडलेला असतो, कधी बिजवर, कधी व्यसनी. 'आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या' म्हणतात. देती-लेतीच्या समाजात हे फार मोठं औदार्य वाटतं. आई-बाप हरखतात. शिवाय मुलीचा नवरा भारतीय म्हणजे तिच्या कागदांचा प्रश्न सुटला, असं त्यांना वाटतं. तो काही लगेच सुटत नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं, पण त्यासाठी सात वर्षांचा रहिवास लागतो. सात वर्षं ती सासरच्या मेहेरबानीवर. एका घरात सासूनं मला स्वच्छ सांगितलं, "हमने इसलिए वहाँ की लड़की ली, कि मायके नहीं जाएगी." हसत सांगितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

आणि अशा घरात मार पडू लागला तर? बाई पोलिसांत जात नाही. नवरा म्हणतो, "जा, तुझाच पासपोर्ट आधी विचारतील." ही धमकी तिच्या बाबतीत पोकळ असते, पण तिला हे सांगणारं कुणी नसतं. म्हणून आज इथं जमलेल्या प्रत्येकीनं हे लिहून घ्यावं. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा 'कोणतीही स्त्री' म्हणतो, भारतीय नागरिक असलेली स्त्री म्हणत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील देतो. राज्यघटनेचं १४ आणि २१ कलम 'व्यक्ती'ला संरक्षण देतं. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं चंद्रिमा दास खटल्यात हे स्पष्ट केलं. हावड्याच्या रेल्वे यात्री निवासात बांगलादेशातून आलेल्या एका बाईवर सामूहिक बलात्कार झाला होता. ती परदेशी आहे म्हणून भरपाई नको, हा रेल्वेचा युक्तिवाद न्यायालयानं फेटाळला. शाळेचंही तसंच. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तरी एका शाळेनं एका मुलीला दोन वर्षं 'कागद आणा' म्हणून परत पाठवलं. शेवटी आमच्या दोघी जणी कायद्याची प्रत घेऊन मुख्याध्यापकांच्या समोर बसल्या, तेव्हा नाव पटावर आलं.

कागदाचा आणखी एक पेच आहे, आणि तो निव्वळ बायकांचा आहे. पाकिस्तानात हिंदूंच्या लग्नाच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. सिंध प्रांतानं तो २०१६ मध्ये केला आणि देशाच्या पातळीवर तो २०१७ मध्ये आला. म्हणजे त्याआधी लग्न झालेल्या बाईकडे सात फेऱ्यांशिवाय पुरावा नाही. नवरा बरोबर आहे तोवर चालून जातं. नवरा वारला, किंवा दुसरीकडे गेला, की ती कुणाची कोण, हे तिला सिद्ध करता येत नाही. एक बाई आमच्याकडे आली, नवरा दुसऱ्या शहरात दुसरं घर करून राहिलेला. व्हिसाची फाइल त्याच्या नावानं, मुलांची नावं त्याच्या कागदांत, आणि फाइल त्याच्या कपाटात. हिच्याकडे स्वतःचा मुदत संपलेला पासपोर्ट आणि लग्नातला एक फोटो. एका कार्यालयात तिला सांगण्यात आलं, की नवऱ्याला घेऊन या. ज्यानं टाकलं त्यालाच घेऊन यायचं!

इथं नागरिकत्वाच्या कायद्याविषयी बोलावं लागेल. मला ठाऊक आहे की हा आपल्यात नाजूक विषय आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला तेव्हा आपल्यापैकी अनेक जणी रस्त्यावर होत्या. शाहीनबागेच्या बायकांच्या पाठिंब्यासाठी आपल्या गावांतही बसलो. नागरिकत्वाच्या कायद्यात धर्माची अट घालणं चूक आहे, हे माझं मत आजही तेच आहे. पण तेव्हा सिंधी कॉलनीतल्या काही बायकांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही आमच्याविरुद्ध बसलात का?" त्यांना उत्तर देणं आपल्यावर आहे. मी त्यांना म्हणाले, की तुम्हाला नागरिकत्व मिळू नये असं आम्ही कधीच म्हटलं नाही; तुमच्यासारख्याच छळलेल्या अहमदी बाईला, हजारा बाईला, श्रीलंकेतल्या तमिळ बाईला का वगळलं, हे विचारत होतो. एकीला पटलं, एकीला नाही. जिला पटलं नाही, तिच्याकडेही आपण जायचं थांबवू नये.

कायद्याचे नियम आले ११ मार्च २०२४ ला. त्यांत एक गोष्ट बायकांच्या उपयोगाची आहे: मुदत संपलेली कागदपत्रंसुद्धा चालतात आणि कोणती चालतात त्याची यादी दिली आहे. शिवाय आठव्या परिशिष्टातली एखादी भाषा येते असं लिहून द्यावं लागतं, आणि सिंधी १९६७ पासून त्या परिशिष्टात आहे. पण तारखेची भिंत आहे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच ही वाट खुली. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागद नाहीत म्हणून खटला भरण्यापासून सूट मिळाली. सूट मिळाली, नागरिकत्व नाही. वस्तीत मात्र 'तारीख वाढली' असा समज पसरला आणि दलालांनी त्याचे पैसे केले. थोरली बहीण २०१३ ची, धाकटी २०१५ ची. एकाच घरात एक भारतीय होणार, एक परदेशी राहणार. धाकटीला रेशनकार्ड नाही, मत नाही, दरमहा दीड हजारांची लाडकी बहीण योजनाही नाही. सरकारी भाषेत ती कुणाचीच बहीण नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला माणसं मारली गेली आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, ते दिवस आठवा. वृत्तपत्रांत जिल्हावार आकडे आले, त्यांत जळगावचं नाव ठळक होतं. दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असा खुलासा सरकारनं केला, पण तो होईपर्यंत आणि झाल्यावरही पुष्कळ बाया दार लावून बसल्या. मुलांना शाळेत पाठवेनात. आणि त्याच शहरात दुसऱ्या मोहल्ल्यात, इथल्या मुसलमान घरांत लग्न करून आलेल्या पाकिस्तानी सुना अशाच दार लावून बसल्या होत्या. दोघींकडे तेच पुस्तक, तोच शिक्का, तीच भीती. त्यांना एकमेकींच्या समोर बसवावं असं मला फार वाटलं. अजून जमलेलं नाही.

'आपल्याच माणसांत' गेलेल्यांची अवस्था फक्त सिंध्यांचीच अशी झाली, असं नाही. धुळे जिल्हा एक होता, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला. त्याआधीची सरदार सरोवराची लढाई तुमच्यापैकी काहींनी जवळून पाहिली आहे. अक्राणीच्या डोंगरातले भिल्ल-पावरा लोक तळोद्याला आणून वसवले, त्यासाठी सुमारे ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली. त्या जमिनीवर आधीच कसणारे कोण होते? आदिवासीच. 'तुमचेच भाऊ आहेत, सामावून घ्या' असं दोघांनाही सांगण्यात आलं, आणि भाऊ-भाऊ एका बांधावर उभे राहिले. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब धरलं. सज्ञान मुलीचा उल्लेख नाही. १९४८ चा कारकून आणि १९७९ चा लवाद, दोघांच्या वहीत रकाना तोच.

तामिळनाडूत श्रीलंकेतून आलेले तमिळ १९८३ पासून छावण्यांत आहेत. भाषा तीच, देव तेच. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं छावण्यांचं नाव बदलून 'पुनर्वसन छावण्या' केलं. छावणीत जन्मलेली मुलगी आज आई झाली आहे.

याहून लांबचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९२३ च्या करारानं तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये पाठवले, बारा लाखांच्या आसपास. धर्म एक, म्हणून ते 'ग्रीक' ठरले. रिने हिर्शन नावाच्या अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिरीअस बंदराजवळच्या कोकिनिया वस्तीत राहून अभ्यास केला. पन्नास वर्षं झाली होती तरी लोक स्वतःला निर्वासितच म्हणत, आणि सरकारी घरांच्या मालकीचे कागद कित्येकांचे अपुरे होते. पण तिथं चाल अशी, की मुलीला लग्नात राहायला जागा द्यायची. मग काय केलं? दोन खोल्यांच्या घराचे तुकडे केले, जमिनीखाली खोदून खोली काढली आणि ती मुलीला दिली. हुंड्याचाच प्रकार तो, पण घर मुलीकडे गेलं. मुली आईजवळ राहिल्या, जावई तिथं आला. आपल्याकडे उलट. आपल्या मुलीला फ्रिज मिळतो, पलंग मिळतो. खोली मिळत नाही.

हे मी उगाच सांगत नाही. २०२५ मध्ये राज्य शासनानं सिंधी विस्थापितांच्या वसाहतींमधल्या जमिनी नियमित करून देण्यासाठी विशेष अभय योजना आणली. पंचाहत्तर वर्षांनी ज्या जागेवर घर आहे ती स्वतःच्या नावावर होण्याची शक्यता आली आहे. पुरुष मंडळींच्या बैठका सुरू आहेत, वकील ठरत आहेत. त्या बैठकांना मी दोनदा जाऊन बसले. बायका चहा घेऊन आल्या आणि कप घेऊन गेल्या. प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं लागणार, हा प्रश्न मी विचारला तेव्हा एक काका म्हणाले, "बेटी, नाव कुणाचंही लागो, घर तर सगळ्यांचंच आहे." मी म्हटलं, मग काकूंचं लावा. हशा झाला आणि विषय पुढं गेला.

आपल्या खानदेशात लक्ष्मीमुक्तीच्या वेळी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली होती, ती घरं आजही आहेत. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, केंद्रानं २००५ मध्ये. तेव्हा या वसाहतींत आता जे अर्ज भरले जातील, त्यांत आई, बायको आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं यावीत म्हणून घरोघर जावं लागेल. अर्ज एकदा भरून गेले की मग भांडण कोर्टातलं. आणि नव्यानं आलेली, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी बाई? मालक बदलला की तिच्या खोलीचं काय, हे अजून कुणी बोललेलं नाही. तिच्याकडे भाडेकराराची साधी चिठ्ठीसुद्धा नसते, कारण 'घरचेच' आहेत. ती चिठ्ठी करून घेणं हे माझ्या मते पहिलं काम. त्यानंतर प्रत्येक बाईची स्वतःची वेगळी फाइल: पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाचे जुने आदेश, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद. नवऱ्याच्या कपाटातली नव्हे, तिच्या पेटीतली. लग्नाचा पुरावा नसेल तर लग्न पाहिलेल्या दोन जणींची प्रतिज्ञापत्रं, त्या हयात आहेत तोवर.

या कामात आम्हाला एक अडचण आली ती सांगते आणि थांबते. तिकडून आणलेले दाखले पुष्कळदा सिंधीत असतात, अरबी लिपीत. इथल्या सिंधी मुलांना ती लिपी येत नाही. त्यांना सिंधी बोलताही धड येत नाही, ती मराठी आणि हिंदीत वाढली. वाचू शकतात त्या इथं आलेल्या नव्या मुली, आणि अगदी म्हाताऱ्या बायका. नव्या मुली स्वतःच्या नावाचा कागद दुसऱ्यांसाठी वाचायला पुढं यायला घाबरतात. म्हणून कॉलनीतल्या शहाऐंशी वर्षांच्या एका आजींना विचारलं. त्यांनी हो म्हटलंय. अटी दोन: न्यायला आणि सोडायला रिक्षा हवी, आणि चष्म्याचा नंबर वाढलाय तो आधी तपासून द्यायचा. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. जळगावच्या कुणाला सोबत यायचं असेल तर जेवणानंतर मला भेटा.